घरचा खरारा



कुत्र्याची कटिंग करायला त्याला ऑटोत घालून अमरावतीला नेतात, असं तीस वर्षांपूर्वी बडनेऱ्यात कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच दवाखान्यात नेलं असतं. मी मात्र हे केलं आहे. चांगलं दीड-दोन वर्षं केलं. रेल्वेत गार्ड होतो मी. आता त्या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. पण हे भारदस्त नाव यायच्या चार वर्षं आधी, २०१८ मध्येच, मी हिरवी झेंडी खाली ठेवली होती. पुढच्या वर्षी पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं हौसेनं एक पॉमेरेनियन घेतलं आणि घरमालकानं कुरकुर केल्याबरोबर ते आमच्याकडं आणून सोडलं. तिनं नाव ठेवलं होतं ‘स्नोई’. आमच्या नव्या वस्तीत आठवड्याभरात त्याचं ‘सोन्या’ झालं. दुसरी आमची काळी. ती स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीपासून माझ्या मागंमागं घरी आली आणि राहिली. तिला कुणी आणलं नाही, तिनंच आम्हाला पाळलं.

काळीचा खर्च म्हणजे दूध-पोळी आणि वर्षाची लस. सोन्याचं तसं नव्हतं. दुकानाचे नऊशे आणि ऑटोचे तीनशे. कुत्रं घेऊन शेअर ऑटोत कोण बसू देतो? स्पेशलच करावा लागे. दीड महिन्याला बाराशे रुपये! आमच्या सौभाग्यवती हिशेबाची वही ठेवतात. एकदा त्यात मी वाचलं : ‘सोन्याची कटिंग १२००. यांची कटिंग ६०.’ त्याखाली शेरा काही नव्हता, पण रेघ दोनदा ओढलेली होती.

मग २०२१ चा फेब्रुवारी आला. राज्यात इतरत्र सारं सुरळीत होऊ लागलं होतं आणि आमच्या अमरावतीत करोनानं पुन्हा डोकं वर काढलं. २२ तारखेपासून लॉकडाऊन लागलं. माणसांची सलूनं बंद, तिथं कुत्र्यांची कोण उघडतो! त्या वेळी सोन्याच्या कानामागं, काखेत आणि शेपटीखाली केसांची जटा होऊन बसली होती. तो चालताना पाय फाकवून चालायचा. काखेतली जट प्रत्येक पावलाला कातडी ओढत होती, म्हणून. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, म्हातारा झाला. वय होतं दोन वर्षं.

तुम्ही म्हणाल, मग घरीच का नाही केलं आधीपासून? बाराशे रुपये मोजणारा हा एवढा कोण लागून गेला? त्याचं उत्तर आहे, पण ते सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागतो. आधी शिकलो कसा ते सांगतो.

खरं म्हणजे जनावराची निगा ही आपल्याला दुकानानं शिकवायची गोष्ट नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीनं बैलाचे खांदे शेकायचे, दुसऱ्या दिवशी त्याला नदीवर घासून धुवायचं, शिंगं तासून रंगवायची, हे माझ्या बापानं जन्मभर केलं. म्हशी भादरतात, धनगर मेंढ्यांची लोकर कातरतात. घोड्याला खरारा करतात. किती छान शब्द आहे तो, उच्चारला की दात्यांचा आवाजच येतो. कुत्र्याला मान देणंही नवं नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. मग कुत्र्याला खरारा का नसावा? एवढंच, की आपली गावठी कुत्री आखूड केसांची. स्वतःला चाटून, मातीत लोळून ती आपलं आपण बघतात. लांब केसांच्या जाती घरात आल्या आणि त्यांच्या केसांची जबाबदारी आपल्यावर आली.

मी सुरुवात चुकीचीच केली. जट भिजली की सुटेल, या समजुतीनं आधी सोन्याला आंघोळ घातली. जट सुटली तर नाहीच, वाळल्यावर गोधडीच्या गोळ्यासारखी घट्ट झाली. हा पहिला धडा : आधी विंचरायचं, मग न्हाऊ घालायचं. भिजलेली जट आवळते. आपल्या आयाबायांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. मुलीचे केस धुण्याआधी तेल लावून गुंता काढत होत्याच की त्या. पण कुत्रं म्हटलं की आपण सारं शहाणपण बाजूला ठेवतो.

दुसरा धडा आमच्या गल्लीतल्या न्हावीदादांनी दिला. दुकान बंद, म्हणून ते घरी बसले होते. मी कुंपणापलीकडून विचारलं, ही जट कात्रीनं कापू का? ते म्हणाले, “काका, कापा, पण कात्री कातडीले लागू देऊ नका. कंगवा मधात घाला ना बाप्पा!” म्हणजे असं : जटेच्या खाली, कातडीला लागून, कंगवा सरकवायचा आणि कात्री कंगव्याच्या वरून चालवायची. कुत्र्याची कातडी सैल असते; केस ओढले की तीही वर उचलून येते आणि आपण केस समजून कातडीच कापतो. मधात कंगवा असला की ती भीती नाही. जट फार मोठी नसेल तर कापायचीही गरज नाही. मुळाशी चिमटीत धरायची, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून थोडी थोडी मोकळी करत मुळाकडं यायचं. पहिल्या दिवशी एका काखेला मला पाऊण तास लागला. सोन्या दोनदा गुरगुरला, एकदा माझा अंगठा त्यानं तोंडात धरला. चावला नाही. नुसता धरला, आणि माझ्याकडं बघितलं. मी थांबलो. त्या दिवशी तेवढंच.

घाई करू नये, हे मी तेव्हापासून पाळतो. पाच मिनिटं विंचरायचं, चतकोर पोळी द्यायची, सोडून द्यायचं. कुत्र्याला एकदा फणीची धास्ती बसली की पुढचे सहा महिने ते पलंगाखालून बाहेर येत नाही. आणि एवढं करूनही कधी दात लागलाच, तर लस झालेली आहे म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

सामान फार लागत नाही. एक लोखंडी कंगवा, अर्धा विरळ आणि अर्धा दाट दात्यांचा. एक वाकड्या तारांचा ब्रश. नखं कापायचं कात्रण. कुत्र्यांचा साधा शाम्पू. सगळं मिळून माझे हजाराच्या आत गेले, म्हणजे अमरावतीच्या एका फेरीहून कमी. आपला शाम्पू मात्र वापरू नये. कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. आपल्या शाम्पूनं ती कोरडी पडते आणि जनावर खाजवत बसतं. तोही मगभर पाण्यात कालवून घ्यावा. थेट अंगावर ओतला तर फेस आत राहतो आणि मग पुन्हा खाज. शाम्पूला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ नुसत्या पाण्याला द्यावा.

पाण्याचंही आपल्याकडं एक आहे. एप्रिल-मे महिन्यात बडनेऱ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहा करण्यालायक होतं. नळाखाली कुत्रं धरण्याआधी आपलं मनगट धरावं. आंघोळ सकाळी, उन्हं चढण्याआधी. डोक्यावर पाणी ओतायचं नाही, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं. पावसाळ्यात मुळापर्यंत कोरडं केल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर केसांखाली ओल राहून कातडीला चट्टे उठतात. आणि दर रविवारी आंघोळ हा आपला नियम त्याला लावायचा नाही. तीन-चार आठवड्यांनी एकदा पुष्कळ झाली. विंचरणं मात्र दोन दिवसांआड.

आता उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर एक भांडण मिटवून टाकतो. पारा पंचेचाळिसाला गेला की येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो, “काहून त्याले एवढ्या केसांत उकडत ठेवता? गोटा करा ना!” मलाही ते पटलं होतं. आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात, दुकानात नेत होतो तेव्हाच, सोन्याचा गोटा करवून आणला. दिसायला लागला सोललेल्या उंदरासारखा. सकाळच्या उन्हानं पाठ लाल झाली आणि पुढं वर्षभर पाठीवर केस आले ते ठिगळाठिगळानं. नंतर पशुवैद्यांनी समजावलं. पॉमेरेनियनसारख्या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. वरचा लांब आणि राठ, आतला मऊ, कापसासारखा. हे दोन्ही मिळून त्याची छत्री असते. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येतच नाही, तो जीभ काढून धापा टाकून अंग गार ठेवतो. म्हणून केस कापून फारसा गारवा मिळत नाही. उलट ऊन थेट कातडीवर येतं आणि या जातीत कधीकधी केस पुन्हा नीट उगवतही नाहीत. करायचं काय, तर फाल्गुन-चैत्रात आतला कापूस गळायला लागतो, तो ब्रशनं काढून टाकायचा. वरचे केस राहू द्यायचे. बाकी कूलरची हवा, ओलं गोणपाट आणि गार फरशी. पोटाखालचे, पंज्यांच्या गाद्यांमधले आणि शेपटीखालचे केस स्वच्छतेपुरते कापावेत, त्याला हरकत नाही.

नखांची मला सर्वांत जास्त भीती होती. फरशीवर टकटक आवाज यायला लागला की नखं वाढली समजायचं. सोन्याची नखं पांढरी, आतली गुलाबी शीर दिसते. तिच्या अलीकडं थांबलं की झालं. काळीची नखं तिच्या नावासारखी. तिथं अंदाज चालत नाही. तांदळाच्या दाण्याएवढं कापायचं, नखाचा कापलेला भाग बघायचा. मधोमध काळसर ओला ठिपका दिसू लागला की पुढं जायचं नाही. एकदा मी गेलो. रक्त आलं, काळी ओरडली आणि सौभाग्यवती स्वयंपाकघरातून लाटण्यासकट बाहेर आल्या. रक्त थांबवायची पूड मिळते. ती नसेल तर कॉर्नफ्लोअर चिमटीनं दाबून धरावं. मी न्हावीदादांनी दिलेली तुरटी लावली. झोंबली असणार, पण रक्त थांबलं.

कान ओल्या कापसानं दिसेल तेवढाच पुसावा, काडी आत घालू नये. वास येत असेल किंवा तपकिरी घाण असेल तर ते काम डॉक्टरांचं. दात आपल्या टूथपेस्टनं घासू नयेत. हे झालं.

राहिले गोचीड. आणि राहिलं माझं उत्तर.

सोन्याच्या आधी आमच्याकडं राजा होता. गावठीच, तांबड्या रंगाचा, नऊ वर्षांचा. २०१५ च्या मे महिन्यात त्याच्या अंगावर गोचीड इतके झाले की कानाची आतली बाजू तुरीच्या डाळीनं भरल्यासारखी दिसायची. दुकानात गोचिडांचं कुत्र्यांसाठीचं औषध होतं, साठ-सत्तर रुपयांचं असेल. त्याच आठवड्यात शेतीवाले एक नातेवाईक घरी आले होते. ते म्हणाले, साठ रुपये कशाला घालता, आमच्याकडं कपाशीवर मारायचं आहे, टोपणभर बादलीत टाकलं की एक गोचीड राहत नाही, आम्ही बैलालाही लावतो. त्यांचा हेतू चांगलाच होता. बाटली त्यांनी दिली, पण टोपण मी मोजलं, बादली मी कालवली आणि राजाला मी चोळलं. तो शेपूट हलवत उभा होता. गोचीड खरंच पटापट पडले. मी खूश झालो. मग तो उन्हात बसला आणि कुत्री बसतात तसा स्वतःला चाटायला लागला.

तासाभरात त्याच्या तोंडातून लाळेची धार लागली. डोळ्यांतून पाणी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मांड्यांचे स्नायू थडथड उडत होते. मी काय केलं? ताक पाजलं. कुणी सांगितलं होतं, ताकानं विष उतरतं. दोन तास मी ताक पाजत बसलो आणि औषध त्याच्या अंगावर तसंच होतं, कातडीतून आत जात होतं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी आधी त्याला साबणानं धुवायला लावलं, हातात पिशव्या घालून. ॲट्रोपिनची इंजेक्शनं दिली. रात्री अकराच्या सुमारास राजा गेला. डॉक्टरांनी जाताना बाटली उचलून मला दाखवली. बाटलीवर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. हिरवा म्हणजे कमी विषारी, निळा मध्यम, पिवळा जास्त आणि लाल म्हणजे सर्वांत जहाल. आमच्या बाटलीवरचा लाल होता. मी तीस वर्षं रेल्वेत लाल-हिरवं बघून गाडी थांबवणारा माणूस. तो रंग मी बघितलाच नव्हता.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यांत होते. आपल्या वऱ्हाडात हे कुणाला वेगळं सांगायला नको. ज्या पाण्याचे तुषार नाका-तोंडात जाऊन धट्टाकट्टा माणूस आडवा होतो, ते मी बादलीनं ओतलं होतं. म्हणून सोन्या घरी आला तेव्हा मी ठरवलं होतं, याला आपण हात लावायचा नाही. जाणत्याकडं न्यायचं, म्हणतील तेवढे पैसे द्यायचे. ते बाराशे रुपये कटिंगचे नव्हते.

तेव्हा गोचिडांबद्दल जे सांगतो ते नीट ऐका. शेतातलं औषध, रॉकेल, फिनेल, झुरळांचा फवारा, यांतलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नका. अंगावर दिसणारे गोचीड हा थोडा भाग. मादी रक्त पिऊन फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, पायरीखाली, जुन्या पोत्यात हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्रं धुतलं आणि घर तसंच ठेवलं तर पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच. भेगा सिमेंटनं बुजवाव्यात, अंथरूण कढत पाण्यातून काढून उन्हात टाकावं. एखाददुसरा गोचीड असेल तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ, सावकाश ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. बोटांनी चिरडू नये, काडी पेटवून चटका देऊ नये. कानात, पंज्यांच्या बोटांमध्ये आणि पट्ट्याखाली आवर्जून बघावं. औषध लागलंच तर मानेवर टाकायचे थेंब मिळतात, पोटात द्यायच्या गोळ्याही मिळतात. दोन्ही कुत्र्याच्या वजनावर ठरतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी-अर्धी करून दोघांना देण्याची काटकसर मला सुचली होती. डॉक्टरांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर सुचलेली नाही. घरात मांजर असेल तर तेही सांगा. कुत्र्यांची काही औषधं मांजराच्या जिवावर उठतात.

आणि कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर घरगुती उपाय बंद. तो गोचीडताप असू शकतो आणि तो मारतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तिथं कुत्रीही बघतात, नाममात्र शुल्कात. अकोल्याकडच्या श्रोत्यांसाठी तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाच तिथं आहे. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिडांचं औषध हे खर्च वहीत राहू द्या. कटिंगचा तेवढा खोडा.

आमच्या वहीत तो खोडला गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, सोन्याला आम्ही अजूनही दुकानात नेतो. शेपटीची गोलाई मला जमत नाही. मी केली की ती खराट्यासारखी दिसते, असं सौभाग्यवतींचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

चैत्रात सोन्याचा कापूस निघतो तो थोडाथोडका नसतो, ओंजळी भरतात. पूर्वी मी तो कुंपणाजवळच्या शेवग्यावर अडकवून ठेवायचो. बुलबुल येऊन चोचीत धरून न्यायचे, घरट्याला. बघायला फार छान वाटायचं. मग कळलं की ब्रिटनमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पक्ष्यांची घरटी तपासली आणि पाळीव जनावरांच्या केसांबरोबर आलेली गोचीड-पिसवांची औषधं त्यांना घरट्यांत सापडली. २०२५ सालची गोष्ट. सोन्याच्या मानेवर मी थेंब टाकतो. तेव्हापासून केस कागदात गुंडाळून घंटागाडीत देतो. बुलबुल यंदाही आले होते. दोन दिवस शेवग्यावर शोधत राहिले, मग आमच्या दारातल्या पायपुसण्याचा काथ्या उपसायला लागले. सौभाग्यवतींनी नवीन पायपुसणं आणलं आहे. जुनं मी शेवग्याला बांधून ठेवलं आहे.